घोडं कुठं पेंड खातंय?

कुंभकोणम-तंजावर रेल्वेमार्गावर सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथल्या एका लहानशा पुलाच्या कामासाठी मला पुण्याहून धाडलं. व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास तंजावरला राज्य थाटलं, म्हणजे मुलूख आपलाच, भाषेची अडचण येणार नाही, अशी माझी समजूत. ती रिक्षावाल्यानं पहिल्या मिनिटात काढली. उरली इंजिनिअरिंगची समजूत. ती जायला आठवडा लागला.

पूल तीस मीटरच्या एकाच गाळ्याचा, गर्डर चार. गर्डर खांबावर थेट बसत नाही. मध्ये बेअरिंग असतं, म्हणजे पोटात पोलादी पत्रे घातलेली रबराची गादी. वरचं वजन ती मुकाट सोसते, पण आडवं थोडं हलूही देते. पुलाचं मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये करायचं, पण सॉफ्टवेअरला गादीचा हा स्वभाव कळत नाही. गर्डरला कुठल्या दिशेनं धरायचं नि कुठं सोडायचं, हे त्याला आपण सांगायचं.

मी मनाचा मोठा. आडवं सगळंच सोडलं. सॉफ्टवेअरनं ‘रचना अस्थिर’ असं सांगून हात वर केले. माझा पूल बंगालच्या उपसागराकडे निघायला मोकळा होता!

लाडावून ठेवलं की असंच होतं, म्हणत मी आठही बेअरिंगं सगळ्या दिशांनी करकचून बांधली. गणित सुरळीत सुटलं. गर्डरचा झोळसुद्धा कमी झाला. मी स्वतःच्या खर्चानं स्वतःला डिग्री कॉफी पाजली.

मग तापमानात तीस अंशांची वाढ घातली. एकेक गर्डर बाराशे टनांनी ढकलू लागला! रेल्वेचं वॅप-7 इंजिन 123 टनांचं. म्हणजे प्रत्येक गर्डरमागे दहा इंजिनांच्या वजनाइतका रेटा. मी सगळा दोष तमिळनाडूच्या उन्हाला दिला, खांबातल्या सळया तिप्पट केल्या आणि अहवाल पुण्याला पाठवला.

साहेबांचा फोन आला. “ऊन पुण्यातही पडतं हो. घोडं कुठं पेंड खातंय ते बघा.”

अपमान गिळायला रविवारी जवळच्या दारासुरमला गेलो. दुसऱ्या राजराज चोळानं बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ. त्याचा एक मंडप रथाच्या आकाराचा. दगडी चाकं, जोडीला दौडते घोडे. मी बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहिलो. चाक आहे, घोडा आहे, आणि आठशे वर्षांत रथ इंचभर सरकलेला नाही. हुबेहूब माझं मॉडेल! फरक इतकाच की शिल्पकाराला ते ठाऊक होतं.

उन्हानं तीस मीटरचा गर्डर जेमतेम अकरा मिलिमीटर वाढतो. तेवढी जागा दिली तर तो गुमान वाढतो. दोन्हीकडून दाबून धरला तर बाराशे टनांनी भांडतो. खोलीवर येऊन मी करकचलेल्या गाठी सोडल्या आणि गादीच्या लवचीकपणाइतक्या स्प्रिंगा भरल्या. गर्डर दोन्ही टोकांना साडेपाच-साडेपाच मिलिमीटर सरकला, आणि बाराशे टनांतले एका बेअरिंगवर दोनेक टन उरले.

साहेबांना फोन लावला.

“सापडलं घोडं?”

“हो सर, दारासुरमला.”

“आणि पेंड कोण खात होतं?”

सुंदरपेरुमाळ कोयिलला रेंज फार वाईट, असं सांगून मी फोन ठेवला. रेंज उत्तम होती.