दयेची नस्ती

इमान्युएल कांट कधी मंत्रालयात गेला नव्हता. म्हणूनच १७९७ साली तो बिनदिक्कत लिहून गेला, की एखाद्या बेटावरच्या लोकांनी समाज मोडून जगभर पांगायचं ठरवलं, तरी निघण्यापूर्वी त्यांनी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी दिलीच पाहिजे. नाहीतर त्या रक्ताचा दोष सगळ्यांच्या माथी. युक्तिवाद बिनतोड आहे. त्या बेटावर गृह विभाग नव्हता एवढंच. असता, तर बेटवासी आजही धक्क्यावर वळकट्या घेऊन बसलेले दिसले असते आणि खुन्याच्या नस्तीवर ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा असता.

कोल्हापूरच्या गावित बहिणींचं प्रकरण आठवतं ना? मुलं पळवायची, चोरीच्या धंद्यात वापरायची, नकोशी झाली की संपवायची. २००१ साली सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. १९८० पासून आपल्याकडे फाशीसाठी ‘विरळातला विरळ’ गुन्हा लागतो. त्या कसोटीला या दोघी उतरल्या. मग दयेचा अर्ज निघाला. या टेबलावरून त्या टेबलावर, मुंबईहून दिल्लीला. २०१४ साली राष्ट्रपतींनी तो फेटाळला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हिशेब मांडला तेव्हा अर्ज निकाली निघायला लागलेला काळ भरला ७ वर्षं, १० महिने, १५ दिवस. ई-मेलच्या जमान्यात एवढा वेळ कसा लागतो, असं विचारून न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली.

आता सांगा, दया कोणी केली? राज्यपालांनी नाही, राष्ट्रपतींनी नाही. दोघांनीही ‘नाही’च म्हटलं होतं. न्यायालयही म्हणेल, आम्ही फक्त दिवस मोजले. दया केली ती नस्तीनं.

आमचे शेजारी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे हा विषय काढला तर दुखावले. म्हणाले, “अहो, उभ्या नोकरीत मी एकही नस्ती दाबली नाही. ती आपोआप दबते. वर दुसरी येते ना!” गीतेतला निष्काम कर्मयोग म्हणतात तो हाच असावा. इथे कर्मही नसतं, ही पुढची पायरी.

मात्र आळस हा यंत्रणेचा स्वभावच आहे, असं म्हणून सुटता येत नाही. गावितांची नस्ती वाटेत होती, त्याच २०१२ साली कसाबची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्टला कायम केली आणि २१ नोव्हेंबरला सकाळी येरवड्यात तिची अंमलबजावणीही झाली. ८४ दिवस! राज्य तेच, गृह विभाग तोच, दिल्लीची वाटही तीच. म्हणजे नस्तीला पाय असतात. ते कधी फुटावेत, हे कांट ठरवत नाही, दंडसंहिताही ठरवत नाही.

पुण्यात २००७ साली एका बीपीओतल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. दोघांना फाशी झाली. राष्ट्रपतींनी त्यांचा अर्ज २०१७ च्या मे महिन्यात फेटाळला आणि फाशीचं वॉरंट निघायला एप्रिल २०१९ उजाडलं. आता तर दयेचाही प्रश्न मिटला होता. राहिली होती ती तारीख घालायची. तारखेलाच जवळजवळ दोन वर्षं. उच्च न्यायालयानं फाशीची ३५ वर्षांची कैद केली.

फाशीला विरोध असणाऱ्या माझ्यासारख्यानं खरं तर पेढे वाटायला हवेत. हात पुढे होत नाही. ज्या आईबापांची मुलं गेली, त्यांना कुणीही ‘आम्ही फाशी देणं चूक मानतो’ असं समोर बसून सांगितलं नाही. तेवढी हिंमत कुणी केली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं. त्यांना कळलं ते एवढंच, की कागद अडकला होता. आणि कोठडीतल्या माणसानंही दररोज पहाटे पावलांचा कानोसा घेत वर्षं काढली. ही शिक्षा कुठल्याच न्यायाधीशानं सुनावलेली नव्हती.

सर्वोच्च न्यायालयानं एकदा मुदत घालूनही पाहिली होती. फेब्रुवारी १९८३ मध्ये एका खंडपीठानं म्हटलं, दोन वर्षं लांबली तर फाशी रद्द. मार्चमध्ये दुसरं खंडपीठ म्हणालं, असा काही पक्का नियम नाही. सव्वा महिन्यात नियम आला आणि गेला! न्यायसंस्थेनं एवढी चपळाई क्वचितच दाखवली असेल.

पुण्याच्या प्रकरणातला निकाल डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उचलून धरला आणि सोबत हुकूम दिला: दयेचे अर्ज झटपट पुढे जावेत म्हणून प्रत्येक राज्यानं स्वतंत्र कक्ष उभारावा.

शेजाऱ्यांना ही बातमी वाचून दाखवली. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “आकृतिबंध मंजूर झाला का? पदनिर्मिती म्हणजे वित्त विभागाची सहमती आली.” मग बोटांवर काहीतरी मोजलं, परत मोजलं आणि म्हणाले, “तुमच्या त्या बेटावरच्या लोकांना सांगा, वळकट्या सोडा म्हणावं. जेवणाची सोय करायला लागेल.”