मान मोडण्याचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम

(फक्त दंतवैद्यांसाठी. पात्रता : बीडीएस)

घाटी रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयातून बाहेर पडताना हातात पदवी असते आणि मान शाबूत असते. ही दुसरी उणीव औरंगपुरा, उस्मानपुरा किंवा सिडकोत दवाखाना थाटल्यावर भरून काढता येते. पुढील क्रम पाळावा.

१. बैठक. कर्जाचे सगळे पैसे रुग्णाच्या खुर्चीत घालावेत. उरलेल्या चिल्लरीत स्वतःसाठी गोल स्टूल घ्यावं. त्याला पाठ नसावी; असलीच, तर तिला आपली पाठ लागू देऊ नये.

२. उंची. रुग्णाचं तोंड आपल्या कोपराच्या पातळीला हवं, असं शिकवलेलं असतं. पण कन्नडहून आलेल्या आजी म्हणतात, "बाबा, लई मागं नको पाडू, गरगरायलंय." मग खुर्ची उभी ठेवावी आणि आपण आडवं व्हावं.

३. भार. माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं. ते ६० अंश पुढे झुकवलं की मानेवरचा भार २७ किलोंच्या घरात जातो. मोंढ्यातला हमाल पोतं थप्पीला लावून मोकळा होतो. आपण मात्र वरच्या शेवटच्या दाढेची आरसीटी संपेपर्यंत ओझं उतरवू नये.

४. हात. उजवा कोपर कोंबड्याच्या पंखासारखा वर धरावा. स्केलर थरथरतो, म्हणून तो आणखी आवळावा. बोटांना मुंग्या येऊन मध्यरात्री हात झटकत उठलात, की मनगटाचा पेपर सुटला समजावं.

५. विशेष प्रावीण्य. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. तो आता फक्त तोंडात सापडतो. गुटख्याने आखडलेल्या अशा तोंडात जेमतेम दोन बोटं शिरतात. तिथली अक्कलदाढ पाहण्यासाठी कंबर एका दिशेला आणि मान दुसऱ्या दिशेला न्यावी.

६. विश्रांती. घेऊ नये. दोन रुग्णांच्या मधे उठून खांदे फिरवणार, तोच दारातून आवाज येतो, "डॉक्टरसाहेब, साडेपाचची सिल्लोड गाडी हाय, तेवढं बघा." लगेच बसावं.

काही वर्षांत गळ्यात पट्टा येतो. तो गणवेश समजावा.

अभ्यासक्रम अर्धवट सोडायचा असेल, तर आपल्या डाव्या हातात पाहावं. तिथे आरसा आहे. मान न वाकवता वरची दाढ दिसावी म्हणूनच तो दिलेला. कॉलेजात पुतळ्याच्या तोंडातले दात आपण त्यातच बघून कोरायला शिकलो. आता त्याने फक्त गाल बाजूला सारतो. शिवाय "थोडं माझ्याकडे वळा" म्हटलं की रुग्ण वळतो, पैसे कापून घेत नाही. त्याला मान एकदाच वळवायची असते; आपल्याला प्रत्येक रुग्णापाशी.