मुंगेशपूरचा सेन्सर

२९ मे २०२४ रोजी दुपारी दिल्लीच्या वायव्य टोकाला, मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५२.९ अंश सेल्सिअस असा आकडा उमटला. दोन-तीन दिवसांत हवामान खात्यानेच सांगितलं, की सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. झालं! दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या तमाम अंकलजींना जन्माची शिदोरी मिळाली. मुंगेशपूर नकाशावर कुठे आहे हे त्याआधी त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक असेल अशी शक्यता कमीच. आता ते त्यांचं तीर्थक्षेत्र झालं आहे. हिमनद्या वितळतायत म्हणा, उत्तर येतं: मुंगेशपूर. समुद्राची पातळी चढतेय म्हणा: मुंगेशपूर. प्रवाळ पांढरे पडले? तेही मुंगेशपूरच्याच सेन्सरने मोजले असणार.

आता जरा वजाबाकी करू. ५२.९ मधून तीन गेले की ४९.९ उरतात. अंकलजींच्या गणितात मात्र शून्य उरतं, आणि हातच्याला एक आंतरराष्ट्रीय कारस्थान येतं. शिवाय ही चूक पकडली कुणी? अंकलजींनी नाही, त्यांच्या पार्कातल्या सकाळच्या चर्चासत्रानेही नाही. त्या दिवशी दिल्ली परिसरातल्या इतर केंद्रांवर कमाल तापमान ४५.२ ते ४९.१ च्या दरम्यान होतं, त्यांत हा एकच आकडा वेगळा दिसला, म्हणून ज्यांनी तो मोजला त्यांनीच तो तपासला. प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून फरक काढला आणि चारचौघांत सांगून टाकला. म्हणजे ज्या घटनेला विज्ञानाची फजिती म्हणून मिरवलं जातं, ती शास्त्रज्ञांचं नेहमीचं काम कसं चालतं त्याचा नमुना आहे. आणि त्याच दिवशी दिल्लीच्याच सफदरजंग केंद्रावर, जिथल्या उपकरणाबद्दल कुणाची तक्रार नाही, ४६.८ अंशांची नोंद झाली. एकोणऐंशी वर्षांतली सर्वांत जास्त. तिच्याबद्दल अंकलजी बोलत नाहीत. ती बरोबर निघाली, हाच तिचा दोष.

पण माझा खरा प्रश्न सेन्सरबद्दल नाही, रिमोटबद्दल आहे. अंकलजींच्या दिवाणखान्यात भिंतीवर दोन टनांचा एसी आणि हातात रिमोट. रिमोटवर आकडा आहे १८. अंकलजी त्या आकड्याकडे पाहतात आणि तृप्त होतात. हा अठरा कोणी मोजला? कोणीच नाही. खोलीत अठरा अंश आहेत असं तो म्हणतच नाही, अठरा व्हावेत अशी अंकलजींची इच्छा आहे एवढंच तो सांगतो. बाहेर पंचेचाळीस असताना, पश्चिमेला काचेची अखंड भिंत असलेल्या बाराव्या मजल्यावरच्या त्या खोलीत तो अठरा बहुधा कधी येतही नसेल. म्हणजे ज्या गृहस्थांना जगभरची केंद्रं, समुद्रातले तरंगते फ्लोट आणि उपग्रह यांचा एकत्र हिशोब संशयास्पद वाटतो, त्यांचा स्वतःच्याच इच्छेच्या आकड्यावर पूर्ण विश्वास आहे. रिमोटला ते कधी विचारत नाहीत, की तुला निधी कुठून मिळतो. एसीच्या कंपनीला उन्हाळा वाढण्यात रस असेल, असं त्यांच्या मनात येत नाही. शास्त्रज्ञांना अनुदानासाठी गरमी वाढवून दाखवावी लागते म्हणे! अहो, अनुदानासाठी गरमी वाढवायचीच होती, तर तीन अंश जास्त आहेत हे जाहीर कशाला केलं असतं? ५२.९ चा राष्ट्रीय विक्रम आयता हातात आला होता. राजस्थानातल्या फलोदीचा २०१६ चा ५१ अंशांचा विक्रम मोडला असता, वर्षभराची अनुदानं सुटली असती. कट करणाऱ्यांनी आपला सर्वांत मोठा ऐवज स्वतःहून परत केला, असा कट जगात पहिलाच असावा.

यावर अंकलजी पवित्रा बदलतात. एकमत म्हणजे पुरावा नव्हे, म्हणतात. एकेकाळी सगळे पृथ्वी सपाट मानत होते, तेही एकमतच होतं. पहिलं वाक्य मला मान्य आहे. एकमत हा पुरावा नाहीच, पुराव्यामुळे उरलेला तो परिणाम आहे. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे एकोणिसाव्या शतकातच प्रयोगशाळेत दिसलं होतं. हवाईच्या मौना लोआवर १९५८ पासून हवेतलं त्याचं प्रमाण मोजलं जातंय. तेव्हा दशलक्ष भागांत ते सुमारे ३१५ भाग होतं, आता ४२० च्या वर आहे. ही भर कोळसा आणि तेलातून आली हे कार्बनच्या समस्थानिकांवरून ओळखता येतं, कारण जमिनीत कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. हे सगळं जुळत गेलं तशी मतं जुळत गेली. २०२१ मध्ये ८८,१२५ शोधनिबंधांचा आढावा निघाला, त्यात माणसाच्या हातभाराबद्दलची सहमती ९९ टक्क्यांहून जास्त भरली. अंकलजींना उरलेल्या टक्क्याहूनही कमी वाट्यात देव दिसतो. राहिली सपाट पृथ्वी. ती गोल आहे हे कुणी पार्कात मान हलवून सिद्ध केलं नाही. चंद्रग्रहणात तिची गोल सावली पाहून केलं, आणि दोन गावांत भरदुपारी सावल्यांची लांबी मोजून तिचा घेरही काढला. सपाटवाल्यांकडे मोजमाप नव्हतं, मतच होतं. या गोष्टीत आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत, ते अंकलजींनी एकदा तपासून घ्यावं.

मग १९४४ निघतं. त्या वर्षी २९ मे रोजी सफदरजंगला ४७.२ अंश होते, हे खरं आहे आणि तो विक्रम अजून टिकून आहे. मात्र एक तापलेला दिवस म्हणजे हवामान नव्हे. कल पाहायचा तर दशकांच्या सरासऱ्या लावाव्या लागतात. हेच तत्त्व मुंगेशपूरच्या एका दिवसालाही लागू आहे, आणि ते मी बिनतक्रार लावतो. शहरातल्या काँक्रीटमुळे तापमापक चढतात, हा आक्षेपही अर्धा खरा आहे. दिल्लीच्या उकाड्यात दिल्लीच्या सिमेंटचा वाटा आहेच. पण हिंदी महासागरात बहुमजली इमारती नाहीत, गंगोत्रीच्या हिमनदीवर उड्डाणपूल नाही, आणि तापतात दोन्ही. सूर्यच जास्त तापलाय म्हणावं, तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवे होते. ते थंड होतायत आणि खालचे तापतायत. उष्णता खाली अडकली की असंच होतं. दिवसांपेक्षा रात्री जास्त वेगाने तापतायत हेही जगभर दिसलंय. १९ जून २०२४ रोजी सफदरजंगला किमान तापमान ३५.२ होतं. किमान! पहाटेच्या त्या उकाड्याचं खापर सूर्यावर फोडायचं तर आधी तो त्या वेळी कुठे होता ते सांगावं लागेल. त्याच १९ जूनला दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटवर गेली. एसी वाढले, लोकवस्ती वाढली म्हणूनही मागणी वाढते, हे मान्य. त्यामुळे तो आकडा मी पुरावा म्हणून मांडत नाही. एवढंच म्हणतो, की त्या रात्री संशयवाद्यांपैकी कुणी पंखा लावून झोपल्याचं ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे संशय घ्यायलाच हवा असा एक चांगला प्रश्न पडून आहे आणि अंकलजी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. जगाचं सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने वाढलं (२०११ ते २०२० ची सरासरी धरून), भारताचं १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे ०.७ अंशाने. मोजणीचे काळ वेगळे आहेत, तरी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते हे पाहता भारताचा आकडा कमी का? अभ्यासक याचं उत्तर बऱ्याच अंशी दोन गोष्टींत शोधतात. एक, गंगेच्या मैदानातलं प्रचंड सिंचन. दुसरी, हवेतले धुराचे आणि धुळीचे कण, जे सूर्यप्रकाशाचा काही भाग परत फेकतात किंवा वरच अडवतात. दोहोंचा वाटा किती, यावर अजून काम चालू आहे. म्हणजे दर नोव्हेंबरला दिल्लीचा गळा आवळणारं जे धुरकट छप्पर आहे, तेच इथल्या तापमानवाढीवर काही अंशी झाकण ठेवून बसलेलं असू शकतं. उद्या ही हवा स्वच्छ केली, जी करायलाच हवी, तर खाली दडलेली उष्णता अंगावर येऊ शकेल. यावर वाद घाला ना! इथे मतभेद आहेत, आकडे आहेत, धोरणाचा पेच आहे. पण या वादासाठी वाचावं लागतं, आणि अंकलजींचा संशय फॉरवर्ड होऊन येतो. टीव्हीवरही तेच. एका चौकटीत आयुष्यभर बर्फ मोजणारा माणूस, दुसऱ्या चौकटीत काहीच न मोजलेला विश्लेषक, दोघांना सारखी मिनिटं, आणि याला म्हणे संतुलन.

आता हसू संपलं. संशय फुकट असता तर मी तो अंकलजींचा विरंगुळा म्हणून सोडून दिला असता. पण त्या मे महिन्यात, पारा चढलेला असताना, दिल्लीतल्या बांधकाम मजुरांना दुपारी बारा ते तीन पगारी विश्रांती द्यावी असा आदेश निघाला, आणि गरमी काय नवीन आहे का, हे वाक्य सगळ्यांत कामाला आलं ते तिथे. पूर्वीही उन्हाळे होते, लोक काम करायचे. गरमी नेहमीचीच ठरली की तीन तासांची मजुरी वाचते, मजला वेळेत चढतो, पहारेकऱ्याच्या पत्र्याच्या खोलीला कूलर द्यावा लागत नाही. त्या खोलीच्या मागच्या भिंतीला तळमजल्यावरच्या फ्लॅट्सचे आउटडोअर युनिट्स टांगलेले असतात आणि आतल्या अठरा अंशांच्या हट्टापायी बाहेर फेकलेली सगळी धग तिथे जमते. तिथला माणूस बारा तासांच्या पाळीवर असतो, गमछा ओला करून डोक्यावर घेतो आणि अंकलजींची गाडी आली की उठून फाटक उघडतो. त्याला कुणी कधी विचारलेलं नाही, की तुझं हवामानबदलावर काय मत आहे. सोसायटीच्या मागच्या सभेत विषय मात्र आला होता: पहारेकरी दुपारी खुर्ची सावलीत ओढून बसतात, त्यांना ताकीद द्यावी. हा ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतावर एकाही अंकलजींनी शंका काढली नाही.