आत उतरायची वाट

धो धो पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की कळंबोलीकर आधी गाडी उंचावर नेऊन लावतो. 26 जुलै 2005चा पूर तो विसरलेला नाही. नवी मुंबईतली ही वसाहत भरतीच्या पातळीहून सखल, हे ती वसवणाऱ्या सिडकोला ठाऊक नव्हतं? होतं. म्हणून तर धारण तलाव खोदले.

योजना उत्तम. भरतीला खाडीकडची झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला निघून जातं. पण तलावात गाळच साचला, तर पाणी थांबणार कुठे?

रस्त्यावर. आणि तळमजल्यावर.

पाण्याची वाट मोकळी ठेवणं जुन्यांना जमलं होतं. 17व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर खणली. डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारावर शहरात आलं. 18व्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी असंच शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पुण्याच्या रहदारीखाली ते बांधकाम आजही सापडतं.

टिकलं कशामुळे? चुन्यामुळे, असं सगळेच सांगतात.

चुना हे अर्धंच उत्तर.

कात्रजच्या नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास आहेत. त्यातून हवा खेळते, दाब मोकळा होतो आणि माणूस आत उतरून गाळ काढतो. आतला मार्गही माणूस चालेल एवढा. बांधणाऱ्याने पहिल्याच दिवशी साफ करणाऱ्याची सोय पाहिली. आज किती गटारं अशी बांधली जातात?

संभाजीनगरात मात्र नहरींवर बांधकामं उठली, आत सांडपाणी शिरलं. शतकानुशतकं वाहिलेलं पाणी आपल्या काही दशकांच्या हलगर्जीपणाने नासलं.

आपल्या खाडीपट्ट्याला तरी देखभालीची शिस्त नवी नाही. इथले आगरी शेतकरी बांधाला उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी झडप, ठेवत. ती नादुरुस्त राहिली तर खारं पाणी शेतात शिरणार, वर्षाचं भात जाणार. म्हणून उघाडीवर सगळ्यांचा डोळा असे. आज झडप कुठे आहे, हे किती कळंबोलीकरांना माहीत आहे?

तलावातल्या गाळात खारफुटी वाढली की उपसण्याचं काम आणखी अडतं. ती तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते आणि तसंच हवं. खारफुटी किनारा राखते. गुन्हा झाडांचा नाही, वेळेवर न उपसलेल्या गाळाचा आहे.

पनवेल महापालिका 2016 मध्ये झाली आणि कळंबोली तिच्यात आली. आता कळंबोलीच्या पोटातला प्रत्येक नाला, झडप आणि झाकण नकाशावर आणा. तो नकाशा प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा. प्रत्येक ठिकाणापुढे गाळ शेवटचा कधी काढला, ती तारीख लिहा.

तारीख गेल्या पावसाळ्याआधीची निघाली, तर जून उजाडायच्या आत गाळ काढा.