अण्णा, झेला टाकू नका

पॅसाडीना, कॅलिफोर्निया
रविवार

ती. अण्णाकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न काकूंनी फोनवर जसाच्या तसा पोचवला, आवाजासकट: "शिकलीसवरली माणसं रानात ताटल्या फेकत हिंडतात, हा कसला उद्योग?" प्रश्न रास्त आहे. फोनवर उत्तर देण्यात अर्थ नाही, कारण आमचं वाक्य संपायच्या आत तिकडून तुमचा निकाल येतो. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: डिस्क गोल्फ हा खेळ मुळात रत्नागिरीचा, जन्माच्या गडबडीत तो कॅलिफोर्नियात उतरला. पुरावे खाली देत आहोत. हरकती तुम्ही घेणारच, तेव्हा त्याही आम्हीच आधी घेऊन ठेवल्या आहेत.

खेळ समजायला दोन मिनिटं पुरतात. हातात प्लास्टिकची तबकडी, वजन साधारण पावणेदोनशे ग्रॅम, आकार जेवणाच्या ताटापेक्षा बराच लहान. समोर झाडांच्या पलीकडे एक लोखंडी खांब, त्याला वर साखळ्यांचा झुपका आणि खाली जाळीची टोपली. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, पडेल तिथवर चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची, असं टोपलीत पडेपर्यंत. मग पुढची टोपली. अशा नऊ किंवा अठरा टोपल्या झाल्या की खेळ संपला. नवशिक्यांच्या मैदानावर टोपली दोनशे-अडीचशे फुटांच्या आतबाहेर असते आणि तीन फेकींत पोचला तर माणूस बरा समजतात. आता यातली खरी गोम बघा. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकतो. क्रिकेटात धावा उधळणाऱ्याचं कौतुक, कबड्डीत गुण लुटणाऱ्याचं. इथे मात्र जो हात आखडता ठेवील तो वरचढ. आगरातली एक पोफळ कमी उतरली तरी ज्या समाजात रात्री जेवताना तिचा हिशोब लागतो, त्याला याहून जवळचा खेळ कुठला असणार?

जन्मकथा ऐकलीत तर आमचा दावा आणखी पटेल. १९३८च्या सुमारास इथून जवळच्या सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आणि त्याची होणारी बायको केकचं पत्र्याचं भांडं एकमेकांकडे फेकत होती. पाच सेंटांच्या त्या भांड्याला कुणीतरी पंचवीस सेंट देऊ केले आणि मॉरिसनला धंदा सुचला. पाचाचे पंचवीस होताना पाहून ज्याचं डोकं चालायला लागतं तो माणूस मूळचा मांडवी-राजिवड्याकडचा नव्हता, एवढंच आश्चर्य. पुढे अमेरिकेत उडत्या तबकड्यांचं वेड आलं तेव्हा त्याने प्लास्टिकची तबकडी केली, आणि १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने ती विकायला घेऊन तिचं नाव फ्रिस्बी ठेवलं. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिकने ती सरळ उडेल अशी सुधारली. त्यानेच १९७५ साली आमच्या शेजारच्या ओक ग्रोव्ह पार्कात जगातलं पहिलं कायमचं डिस्क गोल्फचं मैदान आखलं. आधी तिथे नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही, यावरून हुज्जत घालून घालून हेड्रिक कंटाळला आणि त्याने साखळ्यांची टोपली काढली. साखळ्या खणखणल्या आणि तबकडी टोपलीत राहिली, की वाद मिटला. म्हणजे या खेळाचं मुख्य यंत्र हुज्जत थांबवण्यासाठी जन्माला आलं. ते रत्नागिरीत चालेल का, की हुज्जतच बंद पडल्यामुळे लोक खेळ सोडून देतील, ही शंका मात्र आम्हालाही आहे. हा हेड्रिक २००२ साली गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या केल्या. भाट्याच्या खाडीत विसर्जन करणाऱ्या आपल्याला हे जरा जड जाईल. पण मेल्यावरही घरात बसून न राहण्याचा हा मार्ग आपल्या काही नातेवाइकांना सुचवण्यासारखा आहे.

ओक ग्रोव्हला आता हाहामोंग्ना पार्क म्हणतात. त्याला लागूनच जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आहे. एका बाजूला मंगळावर गाड्या उतरवणारी माणसं, दुसऱ्या बाजूला दोनशे फुटांवरच्या टोपलीत तबकडी न उतरवू शकणारी माणसं, आणि रविवारी कधीकधी ही दोन्ही माणसं एकच असू शकतात. झाडं सगळी ओकची, जुनी, आडव्या फांद्यांची, आपल्या रायवळ आंब्यासारखी मनाला येईल तशी वाढलेली. त्यांचं कोणी फळ काढत नाही, त्यांच्यावरून कोणी कोर्टात गेलेलं नाही. मैदान फुकट आहे. अमेरिकेत अशी हजारो मैदानं आहेत, बरीचशी सार्वजनिक पार्कांत, आणि बहुतेक ठिकाणी तिकीट नाही.

फुकट म्हटल्यावर तुम्ही कान टवकारले असतील, म्हणून पाण्याचा मुद्दा इथेच घेतो. साध्या गोल्फच्या अठरा खळग्यांच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि ती बारा महिने हिरवीगार राहण्यासाठी पाणी. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मे आला की वाड्यावाड्यांतून टँकरची वाट बघावी लागते, कारण कातळावरून आलेलं पाणी सरळ समुद्राचा रस्ता धरतं. अशा जिल्ह्यात गवतावर पाणी मारून चेंडू टोलवणं हे पाप होईल. डिस्क गोल्फला गवत नको, सपाटी नको, पाणी तर नकोच. नऊ टोपल्या पाच-दहा एकरांत मावतात, आणि चढउतार जितके जास्त तितकी मजा. सपाट जमिनीचा तुटवडा हा आजवर आपल्या जिल्ह्याचा दोष मानला गेला. सपाटीसाठी डोंगर न फोडता, पाखाडी चढता-उतरता खेळता येईल असा खेळ कुणी आणलाच नव्हता, हे कारण कुणी बघितलं नाही.

पण मुख्य मुद्दा झाडांचा. तुम्ही म्हणाल, नवशिक्याला खेळायला मोकळं मैदान द्यावं, झाडीत कशाला ढकलावं? हे ऐकायला बरोबर वाटतं आणि चूक आहे. मोकळ्या माळावर दंडाची ताकद जिंकते. वीस वर्षांचा पोरगा तबकडी चारशे फूट नेतो आणि साठीचा माणूस त्याच्या मागून चालत राहतो. झाडीत ताकदीला किंमत नाही, कारण दोन खोडांमधली फट आठ फुटांची असली तर जोर कितीही लावा, तबकडी त्या आठ फुटांतूनच जाणार. शिवाय तबकडीचा स्वभाव समजून घ्या. उजव्या हाताने, नेहमीच्या पद्धतीने फेकलेली तबकडी वेग ओसरला की डावीकडे झुकत खाली येते. पातळ कडेच्या तबकड्या दूर जाण्यासाठी केलेल्या असतात. त्यांना जो वेग हवा तो नवशिक्याच्या मनगटात नसतो, म्हणून त्या निघाल्या-निघाल्याच डावीकडच्या झाडाच्या भेटीला जातात. जाड कडेची मंद तबकडी कमी जाते पण सरळ जाते. म्हणून जाणकार सांगतात, नवशिक्याने एकच मंद तबकडी घ्यावी आणि हळू फेकावी. झाडी हाच सल्ला न बोलता देते: जोर केलास तर खोडावर आपटशील. आणि आपटल्यावर तबकडी तिथेच पडते, ती शोधायला पाऊण मैल जावं लागत नाही. चुकीची शिक्षा लगेच, जागेवर आणि थोडी, एवढी चांगली शाळा आपल्यापैकी कुणाच्या वाट्याला आली? कधीकधी तबकडी खोडावर ठेचकाळून उलट फायद्याच्या बाजूला जाते आणि अडाण्याचं नशीब फळफळतं, हे मान्य करतो. त्याला इलाज नाही. आंब्याच्या धंद्यातही नाही.

आंब्याचं नाव निघालं आहे तर झेल्याकडे येऊ. लांब काठी, तिच्या टोकाला कडी, पातं, खाली जाळी. मान वर करून, फांद्यांमधली फट शोधून, देठासकट आंबा अलगद जाळीत उतरवायचा, खाली आपटू द्यायचा नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हेच हत्यार सुधारून त्याला नूतन झेला नाव दिलं. हेड्रिकच्या टोपलीत आणि झेल्यात तत्त्वाचा फरक नाही. झाडीतून येणारी वस्तू न दुखावता झेलणे, एवढंच दोन्हींचं काम. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नजरेला पानांआडचा देठ टिपायची सवय, त्यांना झाडामागची टोपली दिसणार नाही? मुलं तर काजूच्या बिया रांगेत लावून लांबून टिपतातच. विटीदांडूत विटी पडेल तिथून अंतर मोजायची रीत जुनीच आहे. तेव्हा "परदेशी खूळ" ही हरकत आम्ही निकालात काढतो. परदेशी असलं तरी देवाणघेवाण होते. आपल्या हापूसला इथे यायला २००७ साल उजाडलं, तेही किरणांची आंघोळ घालून; तबकडीला तेवढं सोवळं लागणार नाही.

आता खऱ्या हरकती. हापूसच्या कलमांत हा खेळ खेळावा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तबकडीच्या कडेने साल दुखावते, आणि साल दुखावलेल्या कलमाकडे भिरूड आनंदाने बघतो. इथेही फेकीच्या वाटेवरच्या खोडांना जाळ्या-लाकडं बांधून जपावं लागतं, आणि माणसांच्या पायांनी मुळांवरची माती दबते ती वेगळीच. देवराईचं तर नाव काढू नये. तिथला राखणदार आपल्या साखळ्या खपवून घेणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. सड्यावर जागा भरपूर, पण तिथे कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षं टिकलेल्या हत्तीवर माणसाने प्लास्टिक आपटायचं कारण नाही. राहतं भाट्याचं सुरूबन. खोडं सरळ, आपसूक आखलेल्या गल्ल्या, खाली वाळू, झुडपं फार नाहीत. समुद्राचा वारा तबकडीला मुंबईच्या पाहुण्यासारखा भलतीकडे नेईल, पण तेवढं चालायचं.

फुरसं हा मुद्दा आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो तुम्ही पहिला मांडणार. गवतात पडलेली तबकडी शोधायला हात घालणं आणि रत्नागिरी जिल्हा, या दोन गोष्टी एकत्र येता कामा नयेत. ओक ग्रोव्हच्या आसपासच्या टेकड्यांतही खुळखुळ्या साप असतो. तो शेपूट वाजवतो. फुरसं खवले एकमेकांवर घासून खरखरतं. दोघंही रीतसर नोटीस देतात, वाचायची तेवढी आपण. काठीने आपटल्याशिवाय हात घालायचा नाही, दिवस मावळला की खेळ बंद, आणि रान माजलेलं असतं तेव्हा पावसाळ्यात खेळायचंच नाही. म्हणजे हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतचा. फिनलंडमध्ये बर्फामुळे वर्षातले कितीतरी महिने असेच अवघड जातात, तरी तिथल्या पाइनच्या रानांत शेकडो मैदानं झाली आहेत. तिथे एक जुना हक्कही आहे, दुसऱ्याच्या रानात नुकसान न करता कुणीही हिंडावं. आपल्याकडे दुसऱ्याच्या गडग्यावरून नुसती नजर टाकली तरी "काय पायजे?" असा आवाज येतो.

यातूनच जमिनीची हरकत निघते. पाच-दहा एकर सलग, आणि सातबाऱ्यावर एकवीस नावं: आठ मुंबईला, चार पुण्याला, तीन स्वर्गात आणि बाकीची एकमेकांशी न बोलणारी. कायमचे खांब पुरायला या सगळ्यांच्या सह्या मिळवायच्या तर आमची पोरं म्हातारी होतील. पण कायमचा खांब लागतोच असं नाही. हेड्रिकच्या आधी लोक विजेचा खांब, कचऱ्याचा डबा, एखादं झाड असं काहीही निशाण धरून खेळत, आणि उचलून नेता येणारी टोपलीही असते. सकाळी मांडायची, संध्याकाळी उचलायची. खांब पुरला नाही म्हणजे वहिवाट लागल्याची भीती नाही. पंच नसतो, गुण आपले आपणच लिहायचे. टोपलीपासून जो सर्वांत लांब, त्याने आधी फेकायचं, आणि तो फेकत असताना बाकीच्यांनी गप्प राहायचं. या एका नियमापाशी आमचा दावा लंगडा पडतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. चार रत्नागिरीकर एकत्र उभे आहेत, पाचवा चुकतो आहे, आणि कुणी काही बोलत नाही, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. त्यावर तोडगा एवढाच सुचतो की स्थानिक नियमावलीत टोमण्यांना परवानगी असावी, मात्र तबकडी हातातून सुटल्यावर.

राहिला "यातून मिळतं काय" हा प्रश्न. पैसे मिळत नाहीत. दीड तास झाडांखालून चालणं होतं, आणि कुणी हटकलं तर सांगायला कारण असतं. आपल्याकडे कामाशिवाय रायीत शिरणारा माणूस एक तर चोर असतो किंवा त्याचं घरात भांडण झालेलं असतं. हातात तबकडी असली की तो खेळाडू ठरतो. तुम्ही डॉक्टरांनी सांगूनही फिरायला जात नाही, "उगाच कशाला" म्हणता. त्या उगाचला आम्ही कारण काढून दिलं आहे.

सौ. काकूंना सा. न. सांगावा. लहानांना आशीर्वाद.

आपले,
पॅसाडीनाची मंडळी

ता. क. माळ्यावरचा जुना झेला मोडीत देऊ नये. जाळी फाटली असली तरी कडी शाबूत असेल. सायकलच्या जुन्या चेन कुणाकडे मिळाल्या तर ठेवून द्याव्यात. तबकड्या आम्ही गणपतीत घेऊन येतो. तोवर काकूंच्या स्टीलच्या ताटल्यांवर प्रयोग करू नये.