मौनव्रती डिझाइन-विक्रेत्यांस धावड्याहून अनावृत पत्र

प्रति,
समस्त डिजिटल डिझाइन-विक्रेते,
मुक्काम पोस्ट व्हॉट्सॲप



जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात वसलेल्या धावडा गावच्या फ्लेक्स-पत्रिकेच्या दुकानातून, विक्रेते महोदयांनी आत्मसात केलेल्या मौनसाधनेबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन करण्यात येत आहे. ही साधना पैसे जमा होण्यापूर्वी नसते, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे; तोवर ‘बोला दादा’, ‘लगेच पाठवतो भाऊ’ आणि हात जोडलेली चित्रे यांचा वर्षाव चाललेला असतो, आणि पैसे पोचल्याचा स्क्रीनशॉट पडताक्षणी मात्र समाधी लागते, जी ‘फाँट कुठाय?’ या आर्त प्रश्नानेही भंगत नाही.

विकली जाणारी वस्तू काय, हे येथे सांगणे इष्ट. वाढदिवसाचा बॅनर किंवा लग्नपत्रिका यांचे तयार चित्र विकताना सपाट छायाचित्र न देता मजकूर व फोटो बदलता येईल अशी मूळ फाइल दिली जाते. कोरलड्रॉची सीडीआर, फोटोशॉपची पीएसडी आणि मोबाइलवरील पिक्सेललॅबची पीएलपी ही तिची नित्याची रूपे होत. अशा फाइलीत अक्षरे असली तरी त्यांचे वळण, म्हणजे फाँट, बहुधा तिच्यात नसतो. तो खरेदीदाराच्या यंत्रात आधीपासून असावा लागतो. फाँट युनिकोडपूर्व पद्धतीचा असेल आणि यंत्रात नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी उमटते, आणि वधूच्या नावामागचे ‘चि. सौ. कां.’ पाहून वधूपिता दुकानातच मटकन खाली बसतो. त्यातही फाइल कोरलड्रॉच्या नव्या आवृत्तीत साठवलेली आणि दुकानातील आवृत्ती जुनी असेल, तर खिचडीदेखील दिसत नाही, कारण फाइल उघडतच नाही. मजकूर ‘कर्व्ह’ केला, म्हणजे अक्षरांचे रेखाकृतींत रूपांतर केले, की ती बिघडत नाहीत, परंतु मग त्यांत नाव बदलता येत नाही. सबब फाँटची यादी आणि आवृत्तीचा क्रमांक या दोन ओळी विक्रीपूर्वी लिहिणे एवढाच उपाय उरतो, आणि नेमका तोच महोदयांच्या व्रताच्या आड येतो.

न्यायबुद्धीने हेही मान्य करावे लागते की, खरेदीदार काही धुतल्या तांदळासारखा नसतो. ‘हाय’, ‘रेट?’ आणि ‘अर्जंट आहे’ या तीन संदेशांत त्याचा सारा पत्रव्यवहार आटोपतो. फ्लेक्स किती फुटी आणि फाइल मोबाइलवर उघडायची की संगणकावर, हे तो घासाघीस संपल्यावरही सांगत नाही.

कायद्याचा धाक अर्थातच दाखवायचा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार व्यापारी हेतूने माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, या आधारावर महोदय निर्धास्त असावेत. तथापि त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात, केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळली आहे, त्यामुळे एकट्याने दुकान चालवणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसू शकतो, आणि तक्रार विक्रेत्याच्या गावी न जाता जालन्याच्या जिल्हा आयोगातच करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे असे ठरवले आहे. ज्याचे नाव फक्त एक टोपणनाव आणि आडनाव ‘ग्राफिक्स’ आहे, त्याला नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावायची, एवढी किरकोळ अडचण शिल्लक राहते.

‘लिंक एक्स्पायर झाली, परत पाठवा’ या विनंतीबाबत मात्र शेजारच्या अजिंठ्याचा दाखला द्यावासा वाटतो. रॉबर्ट गिल यांनी तेथील चित्रांच्या वर्षानुवर्षे खपून काढलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, तेव्हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन त्याच लेण्यांत नव्याने प्रती काढावयास गेले. महोदयांना डोंगर चढावयाचा नाही. फॉरवर्डचा बाण दाबावयाचा आहे.

उत्तराची अपेक्षा नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या, की पत्र पावले असे समजण्यात येईल. त्याही बंद ठेवलेल्या असल्यास तसे कृपया कळवावे.

कळावे, लोभ असावा.

सोबत: खिचडी झालेल्या पत्रिकेचा स्क्रीनशॉट (पाचव्यांदा)