डिस्कोचा सातबारा

कर्जत तालुक्यात सध्या तीन पिकं जोरात आहेत. भात पावसाळ्यात येतो, फार्महाऊस बाराही महिने उगवतात आणि 'रेट्रो नाइट' दर शनिवारी रात्री कापणीला येते. पहिल्या पिकाला हमीभाव मिळता मिळत नाही. उरलेल्या दोघांना तो मागावाही लागत नाही.

अशाच एका फार्महाऊसवर मागच्या शनिवारी 'अव्वल वीस'चा फलक लागला. मालक मुंबईचे, शनिवार-रविवारचे शेतकरी. विषय होता १९७८ ते १९८४ मधली गाणी. उतरतं डिस्को, चढतं न्यू वेव्ह. अट एकच, गाणं इंग्लंडात किंवा अमेरिकेत पहिल्या नंबरला पोहोचलेलं हवं. मतदार सहा, सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांच्या हातात ग्लास. मतदान गुप्त नव्हतं, फक्त अस्पष्ट होतं.

पहिला नंबर ब्लाँडीच्या 'हार्ट ऑफ ग्लास'ला मिळाला. निकाल वाईट नाही. गाणं १९७९ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही काठांवर अव्वल होतं. पण ते डिस्को की न्यू वेव्ह यावर जी जुंपली, ती जेवण थंड होईपर्यंत चालली. चाळीसेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कातही हेच भांडण झालं होतं. सीबीजीबी नावाच्या कळकट क्लबात वाढलेल्या या बँडने डिस्कोचा ठेका धरला, तेव्हा त्यांच्याच गोटातल्या लोकांनी 'विकले गेले' म्हणून नाकं मुरडली. म्हणजे वादसुद्धा आयातच. दुसऱ्या नंबरला द नॅकचं 'माय शरोना' आलं, कारण १९७९ च्या 'बिलबोर्ड' वार्षिक यादीत ते सगळ्यात वर होतं आणि एका मतदाराला त्याचा गिटारचा तुकडा तोंडाने वाजवता येतो. तो त्याने वाजवला. चारदा.

आता या पहिल्या नंबरच्या अटीचं काय ते बघू. फेब्रुवारी १९८१ मध्ये अल्ट्राव्हॉक्सचं 'व्हिएन्ना' हे न्यू वेव्हचं अत्यंत देखणं, गंभीर, धुक्यात बुडालेलं गाणं इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या नंबरवर अडकून पडलं. वर कोण बसलं होतं? जो डोल्सेचं 'शॅडप यू फेस'. इटालियन हेल काढून म्हटलेलं एक निव्वळ थिल्लर गाणं. 'व्हिएन्ना' पहिलं कधी झालंच नाही. म्हणून फार्महाऊसच्या फलकावर त्याला जागा नाही. नियम म्हणजे नियम.

आपल्याकडे त्याच साली काय झालं? रेडिओवरच्या बिनाका गीतमालेचं १९८१ चं वार्षिक सरताज गीत होतं 'लावारिस'मधलं अंगणाचं. अमिताभ बच्चन साडी नेसून नाचतात ते. लंडनमध्ये आणि आपल्याकडे लोकांनी एकाच वर्षी सारखाच कौल दिला. गंभीर माणसाने बाजूला व्हावं, सोंगाड्याला पुढे येऊ द्यावं. तमाशा पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

बिनाकाचं नाव निघालंच आहे तर मराठी माणसाने एक श्रेय रोखून मागावं. हिंदी गाण्यांच्या या जगप्रसिद्ध क्रमवारीचा खरा जनक निवेदक अमीन सायानी नव्हेत. तो मान पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचा. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाल्यावर त्यांना आकाशवाणीवरची फिल्मी गाणी सवंग वाटली आणि त्यांनी त्यांची हकालपट्टी केली. श्रोते उठले आणि शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावून बसले. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला गाणी पायदानांवरून चढत-उतरत, सरताज आलं की बिगुल वाजे. पाच वर्षांनी सरकारने विविध भारती काढून चूक निस्तरली, पण तोवर गिऱ्हाईक गेलं होतं. शास्त्रीय संगीताचा प्रसार करायला निघालेल्या मंत्र्याने बिनाका टूथपेस्टच्या कंपनीला अख्खा देश बांधून दिला. आम्ही पुण्याच्या लोकांवर उगाच टीका करत नाही.

बिनाकाची मोजणी रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या पसंतीवर चाले. नुसत्या पत्रांवर भरवसा ठेवला तर एकाच हस्ताक्षरात गठ्ठे येतात, हे त्यांना लवकर कळलं होतं. मतदार यादीची इतकी काळजी घेणारी संस्था या देशात पुढे फारशी झाली नाही.

आणि या चोख मोजणीतून डिस्कोच्या ऐन भरात काय निघालं? १९७९ ला 'डॉन'मधलं पान. १९८० ला 'सरगम'मधली डफली. १९८१ ला ते अंगण. १९८२ ला 'खुद्दार'मधलं, प्रेमाला इंग्रजीत काय म्हणतात त्याची शिकवणी देणारं. १९८३ ला 'सौतन'मधलं, लग्न ठरतंय की काय अशा आशेचं. पान, वाजंत्री, अंगण, प्रेमाची कबुली, लग्न. ही क्रमवारी कसली, खालापूर तालुक्यातल्या कुठल्याही घरची मे महिन्याची डायरी आहे ही. डिस्को कुठेच नाही. गंमत अशी की, त्याच 'खुद्दार'मध्ये नावातच डिस्को आणि सालही घालून ठेवलेलं एक दुसरं गाणं होतं. सरताज मात्र शिकवणीवालं ठरलं.

फार्महाऊसवाल्यांना हे पटत नाही. त्यांच्या आठवणीत ऐंशी साल म्हणजे झगमगती गोल दिवटी आणि पायात टाचांचे बूट. असेल. मार्च १९८० मध्ये द पोलीस हा बँड मुंबईत येऊन वाजवून गेला, हे खरं आहे. टाइम अँड टॅलेंट्स क्लबातल्या बायकांनी बोलावलं होतं. आदल्याच वर्षी या तिघांची दोन गाणी इंग्लंडात पहिली आली होती. म्हणजे न्यू वेव्हचं ताजं, गरम सरताज कर्जत स्टेशनपासून शंभर किलोमीटरवर प्रत्यक्ष वाजलं. शेवटची कर्जत पकडून त्या मैफलीहून परतलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. डफलीवर ठेका धरलेले मात्र आजही भिवपुरी ते लौजी कुठल्याही स्टेशनवर उभे सापडतील. (आता पोलीस येतात ते रात्री दहाला, स्पीकर बंद करायला. त्यांचं मानधन वेगळं नसतं.)

तरी डिस्को आलंच, पण आपल्या वेळापत्रकाने. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये, डिस्कोच्या तबकड्यांची पेटी सुरुंगाने उडवली. लोक मैदानात घुसले, जाळपोळ झाली, दुसरा सामना सोडून द्यावा लागला. अमेरिकेत डिस्कोचा तेरावा घातला गेला तो असा. आणि पुढच्या जूनमध्ये आपल्याकडे 'कुर्बानी' आला. तिथे मयत झालेलं पाहुणं इथे वर्षभराने नवरदेव होऊन घोड्यावर बसलं.

माझी क्रमवारी कुणी विचारलेली नाही, पण सदर माझं आहे. पहिला नंबर 'कुर्बानी'तल्या नाझिया हसनच्या गाण्याला. फिरोज खानच्या चित्रपटाला संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एकच गाणं बिड्डूचं. बिड्डू बंगळूरचा. लंडनला जाऊन त्याने १९७४ मध्ये कार्ल डग्लसकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतलं आणि ते इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे पहिलं आलं. म्हणजे फलकाच्या अटीत बसणारा एक माणूस आपल्याच घरातला होता. त्याने पंधरा वर्षांच्या मुलीला माइकसमोर उभं केलं. तिचा आवाज कोवळा, किंचित नाकातला, सजवायचा प्रयत्नच नाही. लता-आशाच्या राज्यात असा आवाज चालणं शक्य नव्हतं. पण तो चालला आणि वर फिल्मफेअरही घेऊन गेला. डिस्कोत हवा असतो तो थंडपणा तिच्याकडे जन्मजात होता. ब्लाँडीच्या डेबी हॅरीकडेही तो होता, म्हणून माझ्या यादीत दुसरा नंबर तिचा. 'माय शरोना' माझ्या यादीत नाही. ते चारदा ऐकून झालंय.

तिसरा नंबर बगल्सच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'ला आणि इथे प्रकरण महसूल खात्याकडे जातं. इंग्लंडात हे गाणं ऑक्टोबर १९७९ मध्ये एकच आठवडा पहिलं होतं. अमेरिकेत चाळिसाव्या पायरीवरच धापा टाकून बसलं. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा पहिला व्हिडिओ म्हणून त्यांनी हेच दाखवलं, नाव ऐकूनच निवडलं असणार. आणि १९८२ मध्ये ते चक्क 'डिस्को डान्सर'मध्ये हजर. संगीतकार म्हणून नाव बप्पी लाहिरींचं, आवाज उषा उत्थुपचा. व्हिडिओने रेडिओच्या ताऱ्याचा बळी घेतला असं सांगणारं गाणं खोपोलीच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवलं कुणी? रेडिओने.

त्याच चित्रपटातलं जिमीचं गाणं काढा. मूळ चाल ओटावान या फ्रान्समधल्या जोडीची. आपल्याकडे आली, मिथुनच्या अंगात शिरली, तिथून सोव्हिएत युनियनमध्ये जाऊन तिने थिएटरं भरली. २०२२ मध्ये चीनमधल्या टाळेबंदीत लोक रिकामी भांडी दाखवत तीच वाजवत होते, कारण त्यांच्या कानाला तिच्यात 'तांदूळ द्या' ऐकू येतं. आता या जमिनीचा मालक कोण? जाणकार म्हणतात, बप्पीदांनी चोरी केली. मी कुळकायद्याच्या जिल्ह्यातला माणूस. १ एप्रिल १९५७ ला इथे कसेल त्याची जमीन झाली. ओटावानने खरेदीखत दाखवावं जरूर, पण चाळीस वर्षं नांगर कुणी धरला ते कब्जेदाराच्या रकान्यात लिहिलेलं आहे. खंड भरला नव्हता, एवढी नोंद फार तर इतर हक्कांत घाला.

आणि पीकपाहणी करायची तर ती फार्महाऊसवर होत नाही. खोपोलीजवळच्या एखाद्या वाडीत हळदीला जा. टेम्पोवर जनरेटर, त्याच्यापुढे बेंजो पार्टी. बेंजोवाला मांडीवरच्या लाकडी पेटीतल्या पोलादी तारा डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबून आवळतो, उजव्या हातातल्या पट्टीने छेडतो आणि पिकअपमधून तो आवाज भोंग्यात गेला की शेजारच्या गावातले कुत्रे उठून बसतात. या वाद्याचा अमेरिकन बँजोशी फक्त नावापुरता संबंध. ते निघालं १९१२ मध्ये जपानच्या नागोयात, ताइशोगोतो म्हणून. आपल्याकडे आधी बुलबुलतरंग झालं, मग बेंजो. बाजूला ऑक्टोपॅड, रोलंड कंपनीचा. 'हार्ट ऑफ ग्लास'च्या सुरुवातीला जे टिकटिकतं, ते ठेक्याचं यंत्रही रोलंडचंच, सीआर-७८. म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जे होतं त्याचं भावंड इथे टेम्पोच्या फळीवर सुतळीने बांधलेलं आहे.

इथली मोजणी मला बिलबोर्डपेक्षा जास्त खात्रीची वाटते. गाणं सुरू झाल्यावर मांडवातल्या किती खुर्च्या रिकाम्या झाल्या, नवरीची आत्या उठली का, आणि बेंजोवाल्याच्या अंगावर दहाच्या नोटा पडल्या की शंभरच्या. जिमीला आत्या उठतेच. मध्येच कोळीगीत येतं, मग शिंद्यांचा पोपट, मग परत बप्पीदा, आणि कुणी विचारत नाही की हे डिस्को, न्यू वेव्ह की काय.

दोन गाण्यांच्या मधल्या चहाला मी बेंजोवाल्याच्या कानाला मोबाइल लावला आणि 'हार्ट ऑफ ग्लास' ऐकवलं. त्याने डोळे मिटून अर्धं ऐकलं, तोवर डाव्या हाताची बोटं मांडीवरच कळा शोधायला लागली होती.

"चाल बरी हाय. कुठल्या पिच्चरची?"

"पिच्चरची नाही दादा. अमेरिकेत पहिला नंबर आला होता हिचा."

"कोन गायलंय? उषाताई काय?"

"नाही हो. हळदीला चालेल का?"

त्याने कप खाली ठेवला आणि ऑक्टोपॅडवाल्या पोराकडे बघितलं.

"मधी कच्छी ढोल घातला तर चालंल."